उजनीच्या फुगवट्यात एक रात्र: सोलापुरातून बेटावर मुक्कामाला जाताना

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरात दिवस मावळल्यावरही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पूर्व भागात पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रात्री गच्चीवर पाणी मारून चादर अंथरायची, शेजारच्या कारखान्यातले माग थांबायची वाट बघायची, आणि पहाटे तीनच्या सुमाराला कुठे डोळा लागतो. मग कुणीतरी महाबळेश्वरचं नाव काढतं. पाच-सहा तासांचा प्रवास, शनिवारची गर्दी, खोल्यांचे भाव. ते बारगळतं आणि रविवार नेहमीसारखा जातो.

आपल्यापासून दोन-तीन तासांवर उजनी धरणाचा फुगवटा, म्हणजे भिंतीमागे साठलेलं पाणी, पसरला आहे आणि त्या पाण्यात बेटं आहेत. नकाशावर त्यांना नावं नाहीत. भीमा अडवली गेली, १९८० मध्ये धरण पुरं झालं, खालची शिवारं पाण्यात गेली आणि उंच टेकाडांचे माथे तेवढे वर राहिले. त्या माथ्यांवर तंबू ठोकून रात्र काढता येते. गेली काही वर्षं आम्ही चार-पाच मित्र हे करत आलो आहोत. शनिवारी दुपारी निघून रविवारी जेवायच्या वेळेला घरी, एवढाच बेत. तो नीट कसा पार पाडायचा ते सांगतो.

आधी टक्का बघा

सोलापूरचा माणूस वर्तमानपत्रात उजनीचा टक्का, म्हणजे धरण किती भरलं आहे ते, बघतोच. या सहलीची सुरुवातही तिथूनच होते, कारण इथलं बेट कायमचं नसतं. पाणी चढलं की ते लहान होतं किंवा बुडतं, उतरलं की वाढत जातं आणि शेवटी गाळाच्या पट्ट्याने काठाला चिकटतं.

धरणात ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा आहे, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळचं पाणी. त्यावरचा ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा, आणि बातमीतला टक्का या वरच्या साठ्याचा असतो. म्हणून 'उजनी मायनसमध्ये गेलं' असं वाचलं तरी धरण कोरडं पडलेलं नसतं, मृतसाठ्यातलं पाणी कमी होत असतं. पाऊस चांगला झाला तर पावसाळ्याअखेरीस टक्का शंभरावर जातो. पुढे शेतीची आवर्तनं, म्हणजे पाळीपाळीने सोडलेलं पाणी, सुटली की पाणी उतरायला लागतं आणि उन्हाळ्यात टक्का बहुतेकदा शून्याखाली जातो.

आपल्या कामाचा काळ म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. बेट मोकळं झालेलं असतं, चहूबाजूंनी पाणी असतं आणि वारा बराचसा शहाणा असतो. पावसाळ्यात वरून दौंडकडून विसर्ग येत असताना बेटाचा विचारही करू नका. प्रत्येक टेकाडाचा हिशेब वेगळा असल्यामुळे मी एक साधी सवय लावून घेतली आहे. जाईन त्या तारखेचा टक्का वहीत लिहायचा आणि पुढे बेट केवढं होतं, होडी कुठे लागली, गाळ किती होता हे नोंदवायचं. तीन-चार फेऱ्यांत ही वही कुठल्याही नकाशापेक्षा जास्त कामाला येते.

एप्रिल-मे का नको

बेटाची आठवण सगळ्यात जास्त मे महिन्यात येते, आणि नेमकं तेव्हाच जायचं नाही. दिवसा पारा ४२-४३ वर असतो आणि बेटावर सावलीच्या नावाने वेड्या बाभळीची चार झुडपं. खरं भय मात्र उन्हाचं नाही, वळवाचं आहे. दिवसभर आभाळ स्वच्छ असतं, चार वाजता क्षितिजावर काळं दिसतं आणि अर्ध्या तासात वावटळ पाण्यावर येते. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काहीच नसतं. लाटा उठतात आणि मासेमारीची उथळ होडी त्या लाटांसाठी बांधलेली नसते.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी अशाच वादळात उलटली. सात जण पाण्यात पडले, एक पोहून काठाला लागला, सहा जण गेले. त्यात लहान मुलंही होती. ती माणसं सहलीला निघाली नव्हती. पलीकडच्या काठावर जायची काठच्या गावांची ती रोजची वाट आहे. ज्यांना जावंच लागतं त्यांच्यावर अशी वेळ येते, तर हौसेने जाणाऱ्याने दुप्पट जपलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये फारच जीव कासावीस झाला तर काठावर, गावाच्या जवळ, झाडाखाली मुक्काम करा. पाण्यात उतरू नका.

आम्ही उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारीत जातो. शहरात तेव्हा दुपार नकोशी झालेली असते, पण पाण्यावरची रात्र अजून गार असते. नियम एकच ठेवला आहे: दिवस झाडाखाली, रात्र बेटावर. बेटावर संध्याकाळी पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत सोडायचं.

गाव, नावाडी आणि परवानगी

आधी बेट शोधायला जाऊ नका, नावाडी शोधा. सोलापूरहून पुणे महामार्गाने मोहोळवरून टेंभुर्णी गाठायची. तिथून उजवीकडचा रस्ता कंदर, जेऊर असा करमाळ्याकडे जातो. या बाजूला कुगाव, चिखलठाण, केत्तूर ही फुगवट्याच्या काठची गावं. सरळ गेलात तर भीमानगर, इंदापूर आणि पुढे भिगवण. कुंभारगाव, डिकसळ इथे पक्षी बघायला येणाऱ्यांमुळे होडीवाले सहज भेटतात आणि काही घरांत मुक्कामाची सोयही होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने त्याच बाजूने सुरुवात करावी, असं मी सांगेन. रेल्वेने जेऊर किंवा पारेवाडीला उतरता येतं, पण थांबणाऱ्या गाड्या थोड्या आणि सामान बरंच, त्यामुळे स्वतःचं वाहन बरं.

मुक्कामाच्या आठवडाभर आधी एक सकाळ नुसती पाहणीसाठी काढा. हे टाळावंसं वाटतं, पण सहल निम्मी इथेच ठरते. ज्याचं रोजचं पोट त्या पाण्यावर आहे असा मच्छीमार गाठा आणि त्याला तीन गोष्टी विचारा. सध्या कुठलं टेकाड मोकळं आहे? तिथे कुणाचं गाळपेराचं, म्हणजे पाणी उतरलेल्या जमिनीतलं, पीक उभं आहे का? आणि रात्री होडीसकट बेटावर थांबाल का?

तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणाला तर त्याचे आभार माना आणि दुसरा नावाडी बघा. होडी बेटावरच मुक्कामाला राहिली पाहिजे, यात तडजोड नाही. रात्री कुणाला साप चावला, पोटात दुखायला लागलं, छातीत कळ आली, तर मधे पाणी आहे आणि होडी पलीकडच्या गावात बांधलेली आहे, ही स्थिती कुणावरही येऊ नये. भाडं आधीच ठरवा आणि त्यात रात्रीच्या मुक्कामाचे, जेवणाचे पैसे धरा. घासाघीस करू नका, त्याची एका रात्रीची मासेमारी तुम्ही घेत असता.

पाणी उतरल्यावर उघडी पडलेली जमीन कुणाचीच नाही असं आपल्याला वाटतं, पण तिच्यावर काठचे शेतकरी पीक घेतात. ते गाळपेर. उभ्या पिकात तंबू लावणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसणं. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात आहे. भीमानगरच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि गावच्या पोलीस पाटलांकडे नावं, फोन नंबर, गाडीचा क्रमांक, जायची-यायची वेळ लिहिलेला कागद द्या. आम्ही पहिल्या वर्षी तसाच कागद दिला. अंधार पडल्यावर पाटलांचा फोन आला, "पोचला का नीट?" त्या एका फोनने फार आधार वाटला. धरणाच्या भिंतीच्या आसपासचा भाग मात्र पूर्ण वर्ज्य समजा.

सामान

गाडीत मावेल तेवढं न्यायचं नाही, होडीत मावेल तेवढंच. चौघांसाठी दोन तंबू, जाळीचे आणि दोन दारांचे. खाली जाड ताडपत्री हवीच, कारण वेड्या बाभळीचा काटा तंबूच्या तळातून आणि चपलेच्या तळव्यातून सारखाच आरपार जातो. म्हणून पायात बूट. काळ्या मातीत खुंट्यांचा भरवसा नाही. ओली असेल तर सुटतात आणि वाळून भेगाळली असेल तर धरतच नाहीत. यावर उपाय घरचाच आहे. खताच्या किंवा साखरेच्या सहा-आठ रिकाम्या गोण्या घडी करून न्या, तिथे माती भरा आणि तंबूच्या दोऱ्या गोणीला बांधा. सकाळी माती होती तिथे ओतून गोण्या परत आणा. मार्चमध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला वारा उठला आणि खुंट्यांवरचा तंबू आमच्या अंगावर आला. शेजारचा गोण्यांना बांधलेला तंबू जागचा हलला नाही. तेव्हापासून खुंट्या नेतच नाही.

झोपायला महागड्या स्लीपिंग बॅगा लागत नाहीत. आपली सोलापुरी चादर आहे. पहाटे पाण्यावरून गारवा येतो तेव्हा माणशी दोन पुरतात, एक अंथरायला, एक पांघरायला. बाहेरगावचे मित्र बरोबर असले तर सकाळी ते चादर कुठे मिळते हे विचारतातच.

लाइफ जॅकेट माणशी एक, नावाड्यालासुद्धा. होडीवर असतील असं गृहीत धरू नका. विकत घ्या किंवा भाड्याने आणा आणि घरीच घालून, पट्टे आवळून बघा. खांदे धरून वर ओढल्यावर ते कानापर्यंत सरकत असेल तर माप चुकलं आहे. आणि ते होडीत पाय ठेवण्याआधी चढवायचं. अंथरूण म्हणून बसायला घेतलेलं जॅकेट कुणाला वाचवत नाही.

शिवाय माणशी एक विजेरी, पॉवर बँक, शिट्टी, पन्नास फूट दोर, खुरपं, प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

पाणी आणि खाणं

चहूकडे पाणी आहे म्हणून प्यायचं कमी नेलं, असं होऊ देऊ नका. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नद्यांमधून इथपर्यंत येतं. उन्हाळ्याकडे पाण्यावर हिरवा तवंग दिसतो, तो शेवाळाचा. अशा पाण्यातली काही विषं उकळूनही जात नाहीत, त्यामुळे 'उकळून घेऊ' हा उपाय इथे धरू नका. माणशी चार लिटर प्यायला आणि चौघांत मिळून आठ-दहा लिटर चहा, हात-तोंडासाठी. म्हणजे वीस लिटरचा एक जार आणि वर बाटल्या. नावाड्याचं पाणी वेगळं मोजा. जार ओल्या गोणपाटात गुंडाळून वाऱ्यावर ठेवला की माठासारखा गार राहतो.

बेटावर स्वयंपाक करू नये, असं माझं ठाम मत आहे. वाळलेलं गवत, वारा आणि चूल यांचं जमत नाही, आणि भांडी घासलेलं पाणी शेवटी तलावातच जातं. छोट्या शेगडीवर फक्त चहा. जेवणासाठी सोलापूरकराला विचार करायची गरजच नाही. कडक भाकरी आठवडाभर टिकते, पिशवीत भरली तरी बिघडत नाही. तिच्यावर शेंगाचटणी, दही, कांदा, आणि गोडाला शेंगापोळी. वाटेत कंदरला केळी घ्या, तो सगळा भाग केळीचाच आहे. मासे खायचे तर रविवारी परतताना टेंभुर्णी-भीमानगर रस्त्यावर बसून चिलापी खा, तोवर भूकही सडकून लागलेली असते.

शनिवार

सोलापुरातून साडेबाराच्या आत निघा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असताना हा बेत ठेवू नका, शहरातून बाहेर पडण्यातच दुपार जाते. साडेतीनच्या सुमाराला काठावर पोचलात की आधी झाडाखाली बसून वाऱ्याकडे बघा. पाण्यावर पांढऱ्या शेंड्यांच्या लाटा दिसत असतील तर निघायचं नाही. एकदा आमचं सगळं सामान होडीपाशी पोचलं होतं. मी नावाड्याला विचारलं, "मामा, निघायचं का?" ते पाण्याकडे बघत म्हणाले, "वारं पडू द्या, मग बघू." वारं पडलं नाही. त्या रात्री आम्ही त्यांच्या गोठ्यासमोर तंबू लावले आणि आभाळ तेवढंच मोठं होतं. नावाडी नको म्हणाला की विषय संपला. त्याला जास्त पैसे देऊ करणं हा सगळ्यात वाईट गुन्हा आहे.

सगळं ठीक असेल तर फेब्रुवारीत साडेचार ते पाचच्या दरम्यान होडी सोडा. दिवस साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे तंबू उजेडात लागतात. माणसं आणि सामान एकत्र कोंबू नका, दोन फेऱ्या करा. होडीत उभं राहायचं नाही, फोटोसाठीही नाही.

उतरायची जागा मुरमाड किंवा खडकाळ निवडा. काठचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जातो. पहिल्यांदा नावाडी किंवा काठी घेतलेला एकजण उतरेल, बाकीचे बसून राहतील. मागच्या खेपेची जागा आठवून तिथेच होडी लावायचा आग्रह धरू नका. सपाट काठावर पाणी थोडं उतरलं तरी कडा कितीतरी फूट मागे जाते आणि मधे नुसता गाळ उरतो.

तंबू माथ्याच्या थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाला. पण त्याआधी संपूर्ण बेटाला एक फेरी मारा आणि पायाखाली बघत चाला. फेब्रुवारीपासून नदी सुरय हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं म्हणजे मातीत नुसता खळगा, आणि अंडी खड्यांच्या रंगाची. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालत असतील तर तुम्ही त्यांच्या घरात उभे आहात. त्या टोकाकडे पुन्हा जायचं नाही, आणि बेट लहान असेल तर दुसऱ्या बेटावर जायचं. भर उन्हात पाखरू दहा-पंधरा मिनिटं अंड्यांवरून उठलं तरी अंडी भाजून निघतात.

शौचासाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर, वीतभर खोल खड्डा आणि वर माती. तेवढं अंतर बेटावर मिळत नसेल तर झाकणाची बादली आणि कोरडी माती न्या आणि ती काठावर परत आणा. आपल्या नळाला काही दिवसांआड येणारं पाणी इथूनच येतं. घरी आपण ते हंड्या-कळशांत जपून भरतो, मग इथे ते घाण करायला हात कसा धजावेल?

पोहायचं नाही, पट्टीचा पोहणारा असला तरी नाही. खाली बाभळीचे बुडखे आहेत, मच्छीमारांची जाळी आहेत, गावं उठून गेली तेव्हाच्या भिंती आणि विहिरी आहेत. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं, हे आपण ऐकलेलं असतं. तसंच कितीतरी अजून खालीच आहे. जुन्या पिढीचा नावाडी असेल तर त्याला विचारा, गाव कुठे होतं. तो हात करून पाण्यातली एक जागा दाखवेल.

रात्र

अंधार पडताना चिलटांचे थवे येतात. विजेऱ्या अर्धा तास बंद ठेवल्या की त्रास निम्म्याने कमी होतो. तिथीही बघून ठेवा. मला शुक्ल पक्षातली अष्टमी-नवमी आवडते. मध्यरात्रीपर्यंत चांदण्यात सगळं दिसतं, मग चंद्र मावळतो आणि मृग नक्षत्र, व्याध पश्चिमेकडे कललेले असे दिसतात की शहरात ते दिसत नाहीत यावर विश्वास बसत नाही. ध्वनिक्षेपक नेऊ नका. पाण्यावर आवाज फार लांब जातो आणि पलीकडे माणसं झोपलेली असतात.

तंबूची जाळी कायम बंद. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात शिरते, तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, आणि होडीने थेट काठावर, तिथे १०८ ची रुग्णवाहिका बोलावून घ्यायची. गाडीची किल्ली कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत हवं. आठ वर्षांखालच्या मुलांना पहिल्या खेपेला आणू नये, ते यासाठीच.

रविवार

पावणेसातला सूर्य वर येतो, पण सहालाच उठा. पाणी तेव्हा काचेसारखं असतं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब थव्याने उठतात, चक्रवाक जोडीने ओरडत जातात, चित्रबलाक उथळ पाण्यात चोच उघडी ठेवून उभे असतात. भिगवणच्या बाजूला असाल आणि नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो). त्यांच्या थव्याजवळ होडी न्यायला नावाड्याला सांगू नका. ते उडाले की आपल्याला फोटो मिळतो आणि त्यांची न्याहारी मोडते.

चहा झाला की आवराआवर. गोण्यांची माती परत, कचरा पिशवीत, आणि शेवटी सगळ्यांनी एका रांगेत हातभर अंतर ठेवून बेट पायाखाली घालायचं. आपला नसलेला कचराही उचलायचा. नऊच्या आत होडी सुटली पाहिजे, दहानंतर ऊन आणि वारा दोन्ही चढायला लागतात. काठावर उतरलात की पोलीस पाटलांना फोन करून 'आलो' म्हणून सांगा. ते वाट बघत असतात.

गाडी सुरू करण्याआधी वहीत त्या दिवसाचा टक्का लिहा.